डोंगर कुणाचा, ओझं कुणाचं?



कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतरांगांत बॅन्फ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे १९७६ पासून डोंगरांवरच्या आणि साहसी खेळांवरच्या चित्रपटांचा महोत्सव भरतो. महोत्सव संपला की त्यातले निवडक चित्रपट जगाच्या दौऱ्यावर निघतात. साधारण चाळीस देशांत, शेकडो ठिकाणी ते दाखवले जातात. भारतातही मुंबई, बंगळूर अशा शहरांत हा दौरा येऊन गेलेला आहे. कड्यावर लोंबकळणारे गिर्यारोहक, बर्फावरून घसरणारे स्कीपटू, खवळलेल्या नदीत छोटी होडी घालणारे तरुण हे सगळं मोठ्या पडद्यावर बघायला लोक तिकीट काढून येतात. दोर, बूट, जॅकेट बनवणाऱ्या कंपन्या प्रायोजक असतात.

आंबेडकरी चळवळीतल्या माणसांनी यावर का लिहावं, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी येणार हे आम्हाला ठाऊक आहे. पलीकडचे म्हणतील, "खेळात आणि सिनेमात पण जात काढता का?" आपल्यातले म्हणतील, "इथे शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वस्तीला पाणी नाही, आणि तुम्ही डोंगराच्या सिनेमावर लिहिता?" दोन्ही प्रश्नांना उत्तर देणार आहोत. पण आधी मुद्दा स्पष्ट सांगतो. साहस म्हणजे स्वतःहून निवडलेला धोका. ज्याला धोका निवडता येतो तो पडद्यावर नायक होतो. ज्याच्यावर धोका जन्माने किंवा पोटासाठी लादला जातो, तो त्याच पडद्याच्या कडेला ओझं घेऊन चालताना दिसतो, किंवा दिसतच नाही. डोंगरपटांची ही रीत बदलायची असेल, तर बघणाऱ्यांमध्ये आणि बनवणाऱ्यांमध्ये आपण असायला हवं.

रिकामा डोंगर असतो का?

बहुतेक साहसपटांची सुरुवात एकाच दृश्याने होते. आकाशातून घेतलेला कॅमेरा, खाली अफाट पर्वत, माणसाचा मागमूस नाही. मग त्या रिकाम्या जागेत एक ठिपका हलतो. तो नायक.

पण डोंगर रिकामे नसतात, ते रिकामे केले जातात. बॅन्फचंच बघा. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जमीन सरकारने १८८५ मध्ये राखीव केली आणि १८८७ मध्ये तिचं उद्यान झालं. कॅनडाचं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या शिकार करणारे, जडीबुटी गोळा करणारे स्टोनी नाकोडा लोक होते. उद्यान झाल्यावर त्यांना शिकारीला बंदी झाली, तिथून बाहेर ठेवलं गेलं. त्याच काळात पर्यटकांच्या करमणुकीसाठी 'बॅन्फ इंडियन डेज' नावाचा सोहळा सुरू झाला. त्यासाठी याच लोकांना पारंपरिक पोशाखात बोलावून नाचवलं जाई, मिरवलं जाई. जगायला मनाई, दाखवायला परवानगी. गावकुसाबाहेर ठेवून सणाला मात्र हलगी वाजवायला बोलावणं ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या योसेमिटीचं. 'फ्री सोलो' हा ऑस्कर मिळवलेला माहितीपट तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. ॲलेक्स होनोल्ड या गिर्यारोहकाने ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय, चार तासांच्या आत सर केला. माणूस म्हणून त्याची तयारी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. पण ज्या दरीत तो कडा आहे, तिथे आवानीची नावाचे मूळनिवासी राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी घालून त्यांना हाकलण्यात आलं. ही गोष्ट त्या चित्रपटाचा विषय नाही. नसेनाही. पण एकामागून एक चित्रपटांत ती विषय नसते, तेव्हा बघणाऱ्याच्या डोक्यात "निसर्ग म्हणजे माणसाविना जागा" असं पक्कं बसतं. मग आपल्याकडे एखाद्या अभयारण्यातून आदिवासींना उठवलं, तरी शहरातल्या निसर्गप्रेमीला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. आज बॅन्फमधली संस्था आपल्या कार्यक्रमांत ही भूमी कुठल्या मूळनिवासी लोकांची आहे हे जाहीरपणे सांगते. नाव घेतल्याने जमीन परत मिळत नाही. तरी नाव घेणं ही पहिली पायरी आहे. आपल्याकडे सह्याद्रीतल्या किती कार्यक्रमांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची नावं अशी घेतली जातात?

शंभर वर्षांपूर्वीचा फिरता डोंगरपट

डोंगराचा सिनेमा गावोगाव फिरवणं ही काही नवी कल्पना नाही. १९२२ आणि १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांबरोबर कॅप्टन जॉन नोएल कॅमेरा घेऊन गेले होते. ७ जून १९२२ रोजी हिमप्रपातात सात भारवाहक मेले. एव्हरेस्टवरचे हे नोंदलेले पहिले मृत्यू. दोन वर्षांनी, जून १९२४ मध्ये, मॅलरी आणि अर्विन शिखराकडे जाताना नाहीसे झाले. मॅलरीचं नाव जगाला पाठ आहे. त्या सात जणांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं का?

१९२४ च्या मोहिमेवर नोएल यांनी 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' हा चित्रपट केला. तो लंडनमध्ये लागला तेव्हा प्रेक्षक खेचण्यासाठी तिबेटमधल्या ग्यांत्सेहून काही बौद्ध भिक्खू आणले गेले. चित्रपटाआधी त्यांनी रंगमंचावर धार्मिक नृत्य करायचं, वाद्यं वाजवायची, असा तो खेळ होता. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली. चित्रपटात एका मुलाच्या डोक्यातल्या उवा मारून खाण्याचं दृश्य होतं, तेही तिबेटी लोकांना अपमानास्पद वाटलं. तिबेट सरकार संतापलं. त्यानंतर ब्रिटिशांची पुढची एव्हरेस्ट मोहीम निघायला १९३३ साल उजाडावं लागलं.

आम्ही बौद्ध आहोत म्हणून ही गोष्ट आम्हाला टोचते, हे खरं. पण ती फक्त धर्माच्या अपमानाची गोष्ट नाही. तिच्यात या सगळ्या प्रकारच्या सिनेमाचा साचा दिसतो. डोंगर चढणारा कर्ता. डोंगरात राहणारा देखावा. आणि ओझं वाहणारा बिननावाचा. शंभर वर्षांत कॅमेरे बदलले, कपडे बदलले. साचा किती बदलला, हे प्रत्येक चित्रपट बघताना तपासायचं.

२०१४ चे साठ दिवस

आता तीन तारखा लक्षात ठेवा. तिन्ही २०१४ मधल्या आहेत, साठ दिवसांच्या आतल्या आहेत.

२७ मार्च २०१४. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १९९३ पासून गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरून मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असा आदेश झाला.

१८ एप्रिल २०१४. एव्हरेस्टच्या नेपाळच्या बाजूला, खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मेले. ते शिखर सर करायला निघाले नव्हते. पाहुण्या गिर्यारोहकांचे तंबू, दोर, प्राणवायूच्या नळकांड्या, जेवण वरच्या तळांवर पोचवत होते. नेपाळ सरकारने सुरुवातीला जाहीर केलेली मदत होती ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे २५ हजार. शेर्पा चिडले. विम्याची रक्कम वाढवा, मृतांच्या कुटुंबांसाठी निधी करा, अशा मागण्या त्यांनी मांडल्या आणि त्या वर्षी वर जायला नकार दिला. नेपाळच्या बाजूचा जवळजवळ सगळा हंगाम बंद पडला.

२५ मे २०१४. एव्हरेस्टच्या दुसऱ्या, तिबेटच्या बाजूने दोन मुलं शिखरावर पोचली. मालावत पूर्णा, वय १३ वर्षं ११ महिने, निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावच्या आदिवासी शेतमजुरांची मुलगी. आणि साधनापल्ली आनंद कुमार, खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा. दोघंही समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. त्या शाळांचे तेव्हाचे सचिव होते आर. एस. प्रवीण कुमार, स्वतः दलित समाजातून आलेले पोलीस अधिकारी. मुलांचा पहिला सराव भोंगीरच्या खडकावर झाला. शिखरावर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो नेला, आणि त्यासोबत एस. आर. शंकरन यांचा.

हे शंकरन कोण? आयुष्यभर वेठबिगारांसाठी, दलित-आदिवासींसाठी झटलेले सनदी अधिकारी. निवृत्तीनंतर ते सफाई कर्मचारी आंदोलनाच्या उभारणीत होते. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्या आंदोलनाच्या याचिकेवर मार्चमध्ये निकाल आला, त्याच्या आधारस्तंभाचा फोटो मे महिन्यात जगाच्या माथ्यावर गेला. गटाराचा तळ आणि एव्हरेस्टचा माथा जोडणारी ही गोष्ट आहे. यावर कुणी अजून धड चित्रपट केलेला नाही.

चित्रपट झाले ते वेगळे. एप्रिलच्या दुर्घटनेवर जेनिफर पीडम यांचा 'शेर्पा' हा माहितीपट २०१५ मध्ये आला. तो आम्ही चांगला मानतो. खुंबूतून पाहुणे मोजक्या वेळा जातात, पण ओझं वाहणाऱ्या शेर्पांना एकाच हंगामात तिथून पुन्हा पुन्हा ये-जा करावी लागते, हे तो दाखवतो. २१ वेळा एव्हरेस्ट चढलेल्या फुर्बा ताशी यांच्या घरच्यांची भीती तो दाखवतो. आणि शेर्पा काम थांबवतात तेव्हा एक पाहुणा त्यांच्या 'मालकां'शी बोलण्याची भाषा करतो, तेही कॅमेऱ्याने टिपलं आहे. मजुराने नकार दिला की त्याचा मालक शोधायचा, हे आपल्याला नवं नाही.

पूर्णाच्या आयुष्यावर २०१७ मध्ये राहुल बोस यांनी हिंदी चित्रपट केला. मुलीची जिद्द त्यात आहे. पण जिद्द ही एकट्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली की व्यवस्था सुटून जाते. पूर्णा आणि आनंद वर गेले ते केवळ जिद्दीवर नाही. सरकारी निवासी शाळा होत्या, त्यांत पोटभर जेवण होतं, समाजासाठी पद वापरणारा अधिकारी होता, दार्जिलिंगचं प्रशिक्षण होतं, सार्वजनिक पैसा होता. आरक्षणाला आणि समाजकल्याणाच्या खर्चाला 'फुकट' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आणि आपणही विसरू नये, त्या दोघांच्या मोहिमेतही शेर्पा साथीला होते. आपल्या विजयाखाली कुणाचा खांदा असेल, तर त्याचं नाव आपण आधी घ्यायचं.

दोर कुणाकडे असतो?

समाजशास्त्र शिकताना थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचा १८९९ मधला 'फुरसती वर्गा'चा सिद्धान्त आम्हाला अभ्यासाला होता. श्रीमंत वर्ग आपल्याला पोटासाठी राबावं लागत नाही, हे दाखवून प्रतिष्ठा मिळवतो, असं ते मांडतात. साहसी खेळांना हे चपखल लागू पडतं. तेच ओझं पाठीवर घेऊन तोच डोंगर चढणारा पैसे देऊन चढला तर गिर्यारोहक, पैसे घेऊन चढला तर हमाल.

धोक्याचंही तसंच. होनोल्ड दोराशिवाय कडा चढला, जगाने श्वास रोखला, ऑस्कर मिळालं. आपल्या शहरांत सफाई कामगार दोराशिवाय मॅनहोलमध्ये उतरतो. त्याच्यासाठी कुणी श्वास रोखत नाही, त्याचाच श्वास थांबतो. होनोल्डकडे दोर होता, तो त्याने न वापरण्याचं ठरवलं. सफाई कामगाराकडे दोर नसतोच, आणि ठरवायची मुभाही नसते. तो कुठल्या जातीत जन्मला, त्यावर ते बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं.

२०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर बंदी घातली. त्या कायद्याखालच्या नियमांत सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे. अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा, माणसाला वर खेचायची तिपाई, श्वसनयंत्र. ही यादी वाचली की एखाद्या गिर्यारोहण दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. शहरात सुट्टीच्या दिवशी खेळ म्हणून कड्यावरून उतरणाऱ्या मुलाच्या अंगावर हार्नेस असतं, डोक्यावर हेल्मेट असतं, वर दोर धरणारा प्रशिक्षित माणूस असतो. असायलाच हवं. पण त्याच शहरात मॅनहोलवर यातलं काय दिसतं, ते तुम्ही बघताच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या भरपाईची रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मरण थांबलेलं नाही.

गैरसमज नको. सफाई कामगाराला चांगला दोर द्या, एवढीच आमची मागणी नाही. माणूस गटारात उतरूच नये, काम यंत्राने व्हावं, ही मागणी आहे. दोराचं उदाहरण यासाठी दिलं, की तंत्र नाही, साधन नाही, पैसा नाही, ही सबब खोटी आहे. तंत्र आहे, साधन बाजारात आहे. ते कुणाच्या जिवासाठी वापरायचं, हे ठरवताना जात मध्ये येते.

"आपल्याला काय करायचाय डोंगर?"

आता आपल्यातल्या माणसांच्या प्रश्नाकडे येऊ. हे सगळं बरोबर आहे, तर मग या महोत्सवांकडे पाठ फिरवावी का? हे उच्चभ्रूंचे चोचले आहेत म्हणून सोडून द्यावेत का?

आमचं उत्तर नाही असं आहे. त्याला बाबासाहेबांचाच आधार आहे. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेब यंत्राची बाजू घेतात. का? तर यंत्र माणसाला फुरसत देतं, आणि फुरसत असल्याशिवाय सांस्कृतिक जीवन शक्य नाही. सगळा दिवस राबण्यात गेला तर माणूस आणि जनावर यांत फरक राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे फुरसत ही चैन नाही, तो माणूसपणाचा हक्क आहे. आणि ती मूठभरांकडे साठून राहू नये, सर्वांना मिळावी, ही लोकशाहीची कसोटी आहे.

हिंडण्याफिरण्याचा हक्कही आपल्याला कुणी वाढून दिलेला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दारापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून "पाणी बाटवलं" म्हणत तिथल्या मुसलमानांचा जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला बघू दिला तो एका अटीवर, आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, आणि किल्ला चढताना मागे बंदूकवाला. आज ट्रेकर किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी ओंजळीने पितात आणि फोटो टाकतात. ज्यांना ते पाणी सहज मिळालं, त्यांना ही आठवण नाही. आपल्याला आहे. म्हणून एखादा भीमसैनिक तरुण दौलताबाद किंवा रायगड चढतो, तेव्हा ती आमच्या लेखी नुसती सहल नसते.

सह्याद्री तर आपल्या ओळखीचा आहे. राजमाचीला कोंडाणे मार्गे जाणारा प्रत्येक ट्रेकर कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यावरून जातो. जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे ही सगळी लेणी जुन्या घाटवाटांच्या आसपास आहेत. भिक्खू, व्यापारी, कारागीर या डोंगरांतून दोन हजार वर्षांपूर्वी चालत होते. डोंगर चढणं आपल्याला नवं नाही. त्याची गोष्ट सांगण्याचं साधन तेवढं आपल्या हातात नव्हतं.

आमच्या परिसरातल्या एका वसतिगृहात आम्ही मुलांना डोंगरावरचे दोन माहितीपट दाखवले. संपल्यावर चर्चा ठेवली. एकाने विचारलं, "हा एकटा चढतोय म्हणता, मग शूटिंग करणारा कुठे लटकलाय?" दुसरा म्हणाला, "आणि कॅमेऱ्याची पेटी वर कुणी नेली?" महोत्सवाच्या सभागृहात हे प्रश्न उठतात की नाही, सांगता येत नाही. ज्याच्या घरात कुणीतरी ओझं वाहिलेलं असतं, त्याला ते आपोआप सुचतात. आपली दृष्टी ही आपली कमतरता नाही, ते आपलं भांडवल आहे. म्हणूनच आपण प्रेक्षकांत असलं पाहिजे.

काय करता येईल

टीका करून थांबणं आपल्या शिस्तीत बसत नाही. म्हणून काही ठोस गोष्टी मांडतो.

एक, नाव. मोहिमेवरच्या प्रत्येक चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ओझं वाहणाऱ्या, दोर बांधणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव हवं. 'स्थानिक सहकारी' असं गोळाबेरीज श्रेय नको. त्यांची मजुरी आणि विमा किती होता, हेही जाहीर व्हावं. महोत्सव चित्रपट निवडताना ही अट घालू शकतात. प्रेक्षक म्हणून आपण आयोजकांना पत्र लिहून ती मागू शकतो.

दोन, जागा. असे महोत्सव शहरात येतात तेव्हा त्यांतला एक खेळ वस्तीत, समाजकल्याणच्या वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत मोफत ठेवा, अशी मागणी करूया. मराठी उपशीर्षकांसह. इंग्रजी समजत नाही म्हणून बाहेर राहायचं, हा दाराबाहेर उभं करण्याचाच आधुनिक प्रकार आहे.

तीन, प्रशिक्षण. दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या संस्थांत गिर्यारोहणाचे पायाभूत अभ्यासक्रम चालतात. बार्टी आणि समाजकल्याण विभागाने दरवर्षी अनुसूचित जातींच्या मुलामुलींना तिथे पाठवावं. हे शक्य आहे, हे तेलुगू निवासी शाळांनी दाखवलं. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागानेही 'मिशन शौर्य'मधून दाखवलं. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. पण फोटोपुरता गौरव करून मुलांना विसरायचं, असं व्हायला नको. शिखरानंतर शिक्षण आणि रोजगार हाही योजनेचाच भाग हवा.

चार, दोराचं ज्ञान. महाराष्ट्रातले अनेक ट्रेकर घाटात अपघात झाला की स्वतःचा जीव धोक्यात घालून दरीत उतरतात, जखमींना आणि मृतदेहांना वर काढतात. २०१८ च्या आंबेनळी घाटातल्या बस अपघातात हे सगळ्यांनी पाहिलं. या मंडळींबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांना आमचं सांगणं आहे, दरीत पडलेल्या माणसासाठी उतरता, तसे गटारात ढकलल्या जाणाऱ्या माणसासाठी एकदा बोला. तुमच्या संमेलनात सफाई कामगारांच्या संघटनेला व्यासपीठ द्या. सुरक्षा साधनांबद्दल तुमच्याइतकं अधिकाराने कोण बोलणार? महापालिकेला तुमचं पत्र गेलं, तर 'साधनं उपलब्ध नाहीत' हे उत्तर टिकणार नाही.

पाच, आपला सिनेमा. खिशातल्या मोबाईलवर आज चित्रपट होतो. विषय आपल्याभोवती पडले आहेत. ट्रेकर्सना वाट दाखवणारा कातकरी तरुण आणि त्याच्या हातात दिवसाअखेर पडणारे पैसे. लेण्यांची देखभाल करणारा पहारेकरी. किल्ल्यावर डोक्यावरून पाण्याच्या बाटल्यांचं ओझं नेऊन विकणारी बाई. मॅनहोलपाशी उभा राहून आत गेलेल्या सोबत्याला हाका मारणारा कामगार. यांच्या गोष्टीही उंचीच्या, खोलीच्या आणि जिवावरच्या धोक्याच्याच आहेत. डोंगरपटांच्या महोत्सवाने त्या नाकारल्या, तर आपण आपल्या विहारात, १४ एप्रिलच्या सप्ताहात, भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवू. आणि स्वीकारल्या, तर त्या चाळीस देशांत फिरतील.

साहस नको, असं आम्ही म्हणत नाही. साहसाचं समान वाटप हवं आणि धोक्याचं जातीवार वाटप थांबावं, एवढंच म्हणतो. एखाद्या पोराला कडा चढावासा वाटला, तर त्याच्या कमरेला दोर असावा आणि तो चढावा की नाही हे त्याने स्वतः ठरवावं. आणि कुणाच्याही पोराला पोटासाठी मॅनहोलचं झाकण उघडावं लागू नये. पूर्णा आणि आनंद यांनी वर नेलेल्या त्या दोन फोटोंचा अर्थ आम्ही असा लावतो. तुम्ही कसा लावता, ते तुमच्या वस्तीत चर्चा करून ठरवा आणि कामाला लागा.

जय भीम!